लाल तोटीचा खार: सावनेरच्या गरम पाण्याची दीडशे वर्षं

गरम-गार पाण्याच्या डिस्पेन्सरला दोन तोट्या असतात, निळी आणि लाल. निळी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. दुखणं सगळं लाल तोटीचं. बोअरचं पाणी थेट जोडलेलं असेल तर काही महिन्यांत तिची धार बारीक होते, पाणी तापायला वेळ लागू लागतो, आतून तडतड ऐकू येते आणि मग एक दिवस हीटर बसतो. मिस्त्री मागचं झाकण काढून आतली लिटर-दोन लिटरची स्टीलची टाकी उघडतो तेव्हा हीटरच्या नळीवर पांढरट, खरखरीत कवच चढलेलं दिसतं. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं की त्याच्या खपल्या पडतात. त्यावर लिंबू पिळलं तर ते फसफसतं.

सावनेरच्या लोकांना हे कवच नवं नाही. तांब्याचा बंब, जिनिंगचं बॉयलर, छोट्या गाडीचं इंजिन, बादलीत सोडायचा रॉड, भिंतीवरचा गिझर असं एकेक साधन या गावात येत गेलं आणि प्रत्येकात हाच थर बसत गेला. त्याच्याशी निभावण्याची रीत मात्र प्रत्येक पिढीने आपापली काढली. कुठलं पाणी कशाला वापरायचं, हा त्या रीतीचा गाभा होता. ओट्यावरच्या डिस्पेन्सरला जड, म्हणजे चुना विरघळलेलं पाणी द्यावं की पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमधून आलेलं, हा आजचा प्रश्न त्याच जुन्या हिशेबातला आहे.

हिशेबाची सुरुवात खडकापासून करावी लागते. नागपूरहून भोपाळच्या रस्त्याने वायव्येला छत्तीसएक किलोमीटरवर, कोलार नदीकाठी सावनेर वसलं आहे. तालुक्याच्या पश्चिमेला दख्खनचा काळा कातळ आहे, मधल्या पट्ट्यात गोंडवन काळातला वाळूचा खडक आणि त्याखाली कोळसा. खाप्याच्या बाजूला गेलं की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. शेजारच्या, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून भूशास्त्रज्ञांनी त्यांना सौसर गट हे नाव दिलं. गुमगावची मँगनीजची खाण त्याच गटातली, आणि संगमरवराचे थरही त्यातलेच. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे पसरलेले असतात. पूर्वी भट्टीत भाजून त्यांचाच बांधकामाचा चुना करत.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग ते चुन्यातलं कॅल्शियम आणि कातळातलं मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. विहिरीत येतं ते नितळ, गार आणि दिसायला निर्दोष. त्याच्या पोटात बायकार्बोनेट दडलेलं असतं. पाणी तापलं की कर्बवायू उडून जातो आणि चुना पुन्हा दगडाच्या रूपात बाहेर पडतो, तोही जिथे आच सर्वात जास्त असेल तिथे. म्हणजे बंबाच्या नळीवर, बॉयलरच्या पत्र्यावर किंवा हीटरवर.

या दगडाचं खनिजशास्त्रातलं नाव कॅल्साइट, आणि नागपूरचा त्याच्याशी जुना परिचय आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून त्याने आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा केले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला त्याचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला. त्याने पाठवलेल्या नमुन्यांत गवतासारख्या हिरव्या रंगाचं एक कॅल्साइट होतं. त्याला हिस्लोपाईट असं नाव मिळालं. १८६३ मध्ये बोरीजवळ ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात अजून आहे आणि त्याच्या खनिजाचा पांढरा भाऊबंद घरोघरच्या गिझरमध्ये.

घरातल्या बायांना हे रसायन कुणी शिकवलं नव्हतं, पण पाण्याचा स्वभाव त्यांना पक्का ठाऊक होता. वऱ्हाड-नागपूरकडच्या गावांत विहिरींची विभागणी ठरलेली असे. गोड्या विहिरीचं पाणी पिण्याला आणि वरणाला. खाऱ्या विहिरीचं भांड्यांना, गुरांना, सडा-सारवणाला. गोडी विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी डाळीपुरता एक गुंड तिथूनच भरून यायचा. पंगतीचं जेवण असेल तर आचारी आधी पाण्याची चौकशी करत, कारण जड पाण्यात तुरीची डाळ तासनतास उकळूनही टणक राहते. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम अधिकच घट्ट बांधतं, म्हणून दाणा फुटत नाही.

खारं पाणीच नशिबी असेल तर उपाय होते. पहिला म्हणजे आधण. डाळ गार पाण्यात टाकायची नाही. गंजात पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं आणि मग डाळ वैरायची. त्या उकळीत बराचसा चुना गंजाच्या बुडाशी बसतो आणि वरचं पाणी तेवढं हलकं होतं. दुसरा उपाय चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा पापडखार. चिंच, आमसूल, टमाटर जे काही आंबट घालायचं ते डाळ शिजल्यावर, कारण आंबटानेही डाळ अडते. तुरटी फिरवणं किंवा निवळीचं बी उगाळणं हे मात्र गढूळ पाण्याचे उपाय. त्यांनी गाळ बसतो, खार तसाच राहतो.

न्हाण्या-धुण्याची गोष्ट आणखी मजेची आहे. शिकेकाई आणि रिठा यांच्या फेसाला कॅल्शियमचं वावडं नाही. त्यातलं सॅपोनिन जड पाण्यातही बऱ्यापैकी काम करतं. साबणाचं तसं नाही. साबण घराघरांत शिरला तेव्हा विहिरीच्या पाण्यात फेसाऐवजी पांढरा साका तरंगू लागला, केस राठ होऊ लागले, पांढऱ्या धोतराला करडी झाक येऊ लागली. विहीर तीच होती आणि पाणीही तेच. त्याचा जडपणा साबणाने उघड केला. मग किराणा दुकानात साबणाच्या वडीशेजारी धुण्याच्या सोड्याची पुडी आली. हा सोडा कॅल्शियमला आधीच खाली बसवतो आणि साबण वाया जात नाही. नळ, टाकी, मीटर यांचा पत्ता नसताना पाणी मऊ करण्याचा हा पहिला घरगुती कारखाना होता.

जड पाणी सगळ्यांना नकोसं होतं असंही नाही. मंजिष्ठेच्या मुळापासून लाल रंग काढताना पाण्यात थोडा चुना असावा लागतो. त्याशिवाय रंग खुलत नाही. कन्हान नदीकाठचं खापा हे कोष्ट्यांचं, हातमागाचं जुनं गाव. सूत धुण्याला नदीचं हलकं पाणी हवं आणि मंजिष्ठेला चुन्याचं, अशी पाण्याची निवड त्या धंद्यातही असते. १८६८ मध्ये युरोपात या मुळातला रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि पुढे डब्यातल्या रंगाने मुळांची गरज संपवली.

गरम पाण्याचं मानाचं भांडं म्हणजे बंब. रचना साधी आणि हुशार. बाहेर तांब्याचा उभा पिंप, मधोमध आरपार गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा, बुडाशी पितळी तोटी, डोक्यावर पाणी ओतायचं तोंड. मधल्या नळीत पऱ्हाट्या, तुराट्या, लाकडाच्या ढलप्या घालून पेटवायचं. धूर वर जाताना नळीची भिंत तापते आणि भोवतीचं पाणी उकळीला येतं. एका बाजूने गरम पाणी काढलं की वरून तेवढंच गार ओतायचा नियम होता. बंब रिकामा तापला तर झाळ सुटते. दिवाळीतल्या पहाटे सगळ्या घराचं अभ्यंगस्नान एका बंबावर उरके. कापसाच्या मुलखात सरपणाची ददात नव्हती, कारण वेचणी संपली की पऱ्हाट्यांचे भारे अंगणात येऊन पडत.

बंब बाहेरून चिंच-मिठाने, राखेने लखलखीत घासला जाई. आतल्या नळीकडे मात्र हात पोचत नसे आणि खार तिथेच धरत असे. थर जाड झाला की त्याच पाण्याला दुप्पट सरपण लागू लागे. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो, म्हणून जाळ पेटलेला असतो आणि पाणी कोमट. मग आंबट ताक किंवा चिंचेचं पाणी रात्रभर आत भरून ठेवायचं, सकाळी तोटीतून काढून टाकायचं आणि सुटलेल्या खपल्या काठीने पाडायच्या. फारच झालं तर तांबटाकडे न्यायचा. तो नळी काढून ठोकून द्यायचा. पुण्याची तांबट आळी आणि पितळी भांड्यांसाठी ओळखलं जाणारं भंडारा ही या कामाची नावाजलेली ठिकाणं. डिस्पेन्सर साफ करायला आज पुडीतून मिळणारं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत, चिंचेच्याच जातीचं काम करतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गरम पाण्याचं माप घागरीवरून एकदम बॉयलरवर गेलं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. जागा होती जुम्मा तलावाजवळ, आजच्या गांधीसागराशेजारी. वाफेवर चालणाऱ्या गिरणीला शेजारी तलाव असणं ही मोठीच सोय होती, कारण पावसाचं साठलेलं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा बरंच हलकं असतं. त्या गिरणीला आणि तिच्यामागून आलेल्या कापूस व्यापाराला माल पुरवणाऱ्या गावांत सावनेर होतं. इथल्या बाजारात कापसाच्या गाड्या लागत आणि सरकी काढणारे, गाठी बांधणारे वाफेचे जिन-प्रेस उभे राहिले.

जिनच्या बॉयलरवाल्याला खार म्हणजे पैशाचा आणि जिवाचा प्रश्न होता. पत्र्याच्या पाण्याकडच्या बाजूला थर जमला की आगीची उष्णता पाण्यात जात नाही, पत्रा स्वतःच लाल होतो, मऊ पडतो आणि दाबाखाली फुगतो. हंगाम संपला की बॉयलर थंड करून माणूस आत उतरवायचा आणि छिन्नी-हातोडीने थर तासून काढायचा, हे त्या काळातलं नेहमीचं काम. १९२३ मध्ये भारतीय बॉयलर कायदा आला. बॉयलरची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. तेव्हापासून पाण्याचा खार सरकारी निरीक्षकाच्या नजरेखाली आला.

जिन-प्रेसच्या पाठोपाठ रेल्वेही आली होती. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात अडीच फुटी छोट्या लाइनचं जाळं विणलं. त्यातला नागपूर-छिंदवाडा मार्ग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सावनेरवरून गेला. वाफेचं इंजिन कोळशाइतकंच पाणी पितं, किंबहुना त्याहून अधिक, आणि ते पाणी वाटेवरच्या स्टेशनातल्या विहिरीचं किंवा नदीचं असतं. म्हणून शेडमध्ये ठरावीक दिवसांनी बॉयलर वॉशआउट होत असे. आग विझवायची, पाणी सोडून द्यायचं, प्लग काढायचे आणि दाबाच्या धारेने गाळ व खपल्या बाहेर काढायच्या. सातपुड्यातली ही लाइन २०१५ च्या अखेरीस ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. नागपुरात मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी उघडलेल्या नॅरोगेज संग्रहालयात तिचा इतिहास जपला आहे.

पाणी बॉयलरमध्ये जाण्याआधीच मऊ करण्याची विद्या याच वाफेच्या युगात वाढली. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनाच्या प्राध्यापकाने १८४१ मध्ये अशा एका रीतीचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती ऐकायला उलटी वाटते. पाण्यातला चुना काढायला त्याने पाण्यात चुन्याची निवळीच घातली. निवळी पाण्यातला कर्बवायू आणि बायकार्बोनेट खाऊन टाकते आणि दोन्हीकडचा चुना एकत्र खाली बसतो. पुढे त्यात धुण्याच्या सोड्याची भर पडली आणि रेल्वेच्या व गिरण्यांच्या मोठाल्या टाक्यांत हीच चुना-सोडा पद्धत जगभर चालली.

दुसरी वाट मातीतून निघाली. १८५० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये एच. एस. थॉम्पसन आणि जे. टी. वे खतांचा अभ्यास करत होते. अमोनियाचं पाणी मातीतून गाळलं की माती अमोनिया ठेवून घेते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते, असं त्यांना आढळलं. ही अदलाबदल उलटीही करता येते, हे कळल्यावर १९०५ च्या आसपास जर्मनीत रॉबर्ट गान्स याने कृत्रिम झिओलाइट बनवून पाणी मऊ करण्याचं यंत्र उभं केलं. कॅल्शियम ठेवून घ्यायचं, सोडियम सोडायचं आणि पदार्थ थकला की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजा करायचा. आज गच्चीवर किंवा न्हाणीघराबाहेर उभा असलेला सॉफ्टनर याच तत्त्वावर चालतो. फक्त आत झिओलाइटऐवजी रेझिनचे पिवळसर मणी असतात. त्यांची सुरुवात १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या ॲडम्स आणि होम्स यांनी बनवलेल्या रेझिनपासून झाली.

झिओलाइट आणि रेझिन या दोघांच्या मधे एक टप्पा होऊन गेला, आणि तो सावनेरकरांना जवळचा वाटावा असा आहे. १९३० च्या दशकात साध्या दगडी कोळशावर तीव्र गंधकाम्लाची प्रक्रिया केली की तो कोळसाही पाण्यातलं कॅल्शियम पकडतो, असं दिसून आलं. काही वर्षं असा कोळसा बाजारात पाणी मऊ करण्याचा माल म्हणून विकला गेला. जो कोळसा जाळून पाणी तापवायचं, त्याच्याकडूनच पाणी मऊ करून घ्यायचं. भारतात या व्यवसायाला ठोस रूप आलं ते १९६४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आयन एक्स्चेंज कंपनीमुळे. तिचं मूळ ब्रिटिश पर्म्युटिट कंपनीत होतं.

सावनेर तालुक्यातला कोळसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर बाहेर येऊ लागला. वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि १९७५ मध्ये स्थापन झाली. सिल्लेवाडा, पाटणसावंगी, वलनी आणि सावनेरच्या भूमिगत खाणी तिच्याकडे. जमिनीखालची खाण चालवायची तर रात्रंदिवस पाणी उपसावं लागतं. पुढे याच उपशाचं पाणी शुद्ध करून वेकोलिने पाटणसावंगीत बाटल्या भरल्या आणि त्यांना ‘कोल नीर’ हे नाव दिलं. सुरुवातीला अर्ध्या लिटरची बाटली ७ रुपयांना आणि लिटरची १० रुपयांना. खाणीतून कोळसा काढताना अडचण म्हणून फेकलं जाणारं पाणी मालाच्या यादीत जाऊन बसलं.

तालुक्यातला सर्वात मोठा पाणी तापवणारा खापरखेड्याला आहे. तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक संच आहे, एकूण १३४० मेगावॅट. हे संच १९८९ ते २०११ या काळात आले. शेजारी कामठी तालुक्यात कोराडीला पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला होता. अशा बॉयलरला नुसतं मऊ पाणी चालत नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो, म्हणजे क्षार पाण्यात राहतोच. वीज केंद्राला जवळपास शून्य क्षाराचं पाणी लागतं, म्हणून तिथे धन आणि ऋण अशा दोन्ही आयनांसाठी वेगवेगळे रेझिन असलेला डीएम प्लांट असतो. थंड करण्याच्या मनोऱ्यांना मात्र इतकं शुद्ध पाणी देण्याची गरज नसते. कोराडीला त्यासाठी नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी दिलं जातं, दिवसाला सुमारे १३ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून. गोडी विहीर वरणाला आणि खारी गुरांना, हाच हिशेब मेगावॅटच्या मापाने मांडलेला.

या वीज केंद्रांच्या तारा घराघरांत पोचल्या आणि बंब माळ्यावर गेला. आधी आला रॉड. वर्ध्याच्या बजाज घराण्याने १९३८ मध्ये रेडिओ लॅम्प वर्क्स नावाने सुरू केलेली कंपनी पुढे बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. तिचे आणि इतरांचे रॉड विदर्भातल्या बादल्यांत उतरले. रॉडवरचा खार तरी डोळ्यांना दिसतो आणि चाकूने खरवडता येतो. गिझर आला तेव्हा खार पुन्हा आत, नजरेआड गेला. आतल्या टाकीला गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमची एक कांडी लावलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. दोन-तीन वर्षांनी गिझर उघडणारा मिस्त्री झिजलेली कांडी आणि मूठमूठ खपल्या बाहेर काढतो.

स्वयंपाकघरातल्या झटपट उकळत्या पाण्याची कल्पना त्या मानाने अलीकडची. हेन्री पेटेरी हा डच गृहस्थ युनिलिव्हरमध्ये झटपट सूपवर काम करत होता. सूप क्षणात तयार होतं, मग त्यासाठी पाणी उकळायला इतका वेळ का, असा प्रश्न त्याला पडला आणि १९७० मध्ये त्याने तळघरात उकळत्या पाण्याच्या नळावर काम सुरू केलं. आपल्याकडे हे साधन दोन वाटांनी आलं. एक, वीस लिटरचा जार उलटा बसवायचा डिस्पेन्सर. दुसरी, आरओला जोडलेली गरम पाण्याची तोटी. दोन्हींत छोटी टाकी दिवसभर तापलेली असते.

आता आकडे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा, बोअरच्या पाण्यात तापवल्यावर खाली बसणारा जडपणा ३०० मिलिग्रॅम आहे आणि कचेरीत दिवसाला २० लिटर गरम पाणी लागतं. सगळा चुना बाहेर पडला तर दिवसाला ६ ग्रॅम, वर्षाला २ किलोच्या वर. निम्मा जरी बसला तरी लिटरभराच्या टाकीत किलोभर दगड.

हेच पाणी सॉफ्टनरमधून आणलं तर थर बसत नाही. पण ३०० मिलिग्रॅम जडपणा काढताना लिटरमागे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०० मिलिग्रॅमच्या पुढे चव जाणवू लागते, म्हणजे जिभेला कळणार नाही. पण रक्तदाबासाठी मीठ मोजून खाणाऱ्याने ते धरायला हवं. शिवाय बायकार्बोनेट तसंच राहिलेलं असतं. उकळल्यावर पाणी सोड्याच्या पाण्यासारखं अल्कधर्मी होतं. त्यात डाळ झटकन शिजते, चहा मात्र काळपट आणि बेचव उतरतो. उलट जड पाण्याच्या चहावर तेलकट साय धरते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की ती सायही कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचीच करणी. स्टीलच्या टाकीला आणखी एक धोका असतो. रेझिन मिठाने धुतल्यावर नीट खंगाळलं गेलं नाही तर उरलेलं क्लोराईड गरम स्टीलला बारीक छिद्रं पाडतं.

गिझरपुढे लावतात त्या फॉस्फेटच्या गोळ्यांनी न्हाण्याच्या गरम पाण्यापुरता फरक पडतो. उकळीच्या जवळ त्या फॉस्फेटचे तुकडे होतात आणि त्यांचा जोर ओसरतो. म्हणून डिस्पेन्सरला सर्वात सोयीचं पडतं ते आरओचं पाणी. त्यात कॅल्शियमही फारसं नसतं आणि सोडियमही. सावनेरसारख्या गावांत जारचा धंदा फोफावला त्यात चवीइतकाच या खाराचाही वाटा आहे. नव्या घरात नळकारागीर आता तीन लाइनी टाकून देतात: न्हाणी, गिझर आणि वॉशिंग मशिनला सॉफ्टनरची, ओट्यावर आरओची, बागेला आणि संडासाला थेट बोअरची. आरओने फेकलेल्या पाण्यात खार आणखी दाटलेला असतो. बरीच घरं ते बादलीत धरून फरशी पुसायला घेतात.

सॉफ्टनर धुतलेल्या मिठाच्या पाण्याचा विचार मात्र या मांडणीत अजून कुणी धरलेला नाही. दहा लिटर रेझिनचा घरगुती सॉफ्टनर एका धुण्याला किलो-दीड किलो मीठ घेतो आणि ते पाणी सरळ नालीत जातं. गावाबाहेर त्या नाल्या संत्र्याच्या बागा आणि कापसाची शेतं असलेल्या काळ्या मातीपर्यंत पोचतात. कॅल्शियम काळी माती भुसभुशीत ठेवतं. सोडियम वाढलं की तिचे कण विस्कटतात, पावसात चिखल होतो, उन्हात ती दगडासारखी कडक होते आणि पाणी आत मुरत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात निसर्गतःच सोडियम जास्त आहे. तिथल्या शेकडो गावांना पिण्याचं पाणी धरणांवरून नळाने आणावं लागतं आणि विहीर असूनही शेतकऱ्याला ती रब्बीच्या ओलिताला वापरता येत नाही.